डाळिंबी वेढे

"अवो, उतरा आता खाली! मांजरावानी किती येळा चढाल त्या माळ्यावर? काठी हाय ती, पोर नाय उठून पळायला."

सुंदरा चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तिच्या डोक्यावर, धुरानं काळ्या झालेल्या माळ्यावर, धाकलू पोटावर आडवा पडून गळाच्या काठीवरच्या, बेलाचा डिंक लावलेल्या रेशमी वेढ्यांना नख टेकवून बघत होता. सकाळपासूनची ही चौथी खेप. आधी नख टेकवायचं, मग काठी नाकाशी धरून वास घ्यायचा, मग ओठाला लावायची. चिकटपणा बोटापेक्षा ओठाला लवकर कळतो, असा त्याचा अनुभव.

"चिकटतंय गं अजून," तो वरूनच म्हणाला.

"चिकटंल न्हाय तर काय? हस्ताचा पाऊस लागलाय. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलंय, अन् तुमचा बेल वाळायचा व्हय?"

बोलणं खरं होतं, म्हणून तर झोंबलं. आज गुरुवार. शनिवारी संध्याकाळी काठी साहेबाच्या बंगल्यावर पोचायला हवी, कारण रविवारी साहेबाचे पाहुणे पेज नदीवर गळ टाकायला येणार होते. तेवढ्यात बेलाचा डिंक वाळायचा, त्यावर रोगणाचे दोन हात फिरवायचे, तेही वाळायचे. आणि आभाळ तर असं बसलेलं, की चार दिवसांत सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कोंबड्यालासुद्धा कळलं नव्हतं. धाकलू खाली उतरला, दारापर्यंत गेला, पाऊस बघितला, परत आला, पाटावर बसला आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून राहिला.

"खावा की!"

"खातोय."

खात नव्हता. पाचव्यांदा माळ्याकडे बघत होता.

धाकलू काही नावाजलेला माणूस नव्हता, आणि नेमकं तेच त्याचं दुखणं होतं. दहिवलीचा साधा कुणबी. भाताची दोन खाचरं, एक बैलजोडी. लहानपणी मामाकडे खालापुरात राहिला. तिथं शेजारी सहदेव पाटवा बसायचा. गावोगावच्या बायकांचे दागिने रेशमात ओवून द्यायचा. धाकलू गुरं राखायचं सोडून त्याच्या ओट्यावर जाऊन बसे. तिथंच शिकला, की रेशमाचा वेढा वेढ्याला कसा खेटवायचा, आणि गाठ न मारता दोऱ्याचं शेवटचं टोक वेढ्यांच्या पोटात कसं नाहीसं करायचं. कुणब्याच्या पोराला हे कशाला हवं, म्हणून मामानं दोनदा बडवलाही. पण शिकलेलं कुठं जातं?

घाटातली आगगाडी सुरू झाली, कर्जतला रुळांवर देखरेख करणारे साहेब आले, त्यातला हा पार्किन साहेब माशांचा भलता शौकीन. त्याची लंडनहून आणलेली गळाची काठी एकदा खडस माशानं मोडली. काठी सांधायला माणूस हवा होता. कुणीतरी धाकलूचं नाव सांगितलं. धाकलूनं ती सांधून दिलीच, वर मेसाच्या भरीव बांबूची तशीच दुसरी करून दिली. दोऱ्यासाठीच्या पितळी कड्या रेशमानं बांधल्या, कांड्याकांड्यावर वेढे दिले. साहेबानं दोन्ही काठ्या वाकवून बघितल्या आणि लंडनची खुंटीला टांगली. त्याला आता बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात धाकलूनं साहेबाला नऊ काठ्या करून दिल्या. काही साहेबानं ठेवल्या, काही दोस्तांना दिल्या.

कशा करायच्या तेही साहेबानंच ठरवून दिलेलं. रेशीम पांढरं, आणि त्यावर थेट डब्यातलं विलायती रोगण. ते रोगण प्यायलं की पांढरं रेशीम काचेसारखं होतं. वेढे असून नसल्यासारखे. खालचा मेस तेवढा दिसतो, आणि त्या वेढ्यांवर घातलेले आठ दिवस कुणालाच दिसत नाहीत. लंडनच्या काठीचे वेढे असेच असतात, म्हणून धाकलूच्याही असेच हवेत. का हवेत, हे त्याला दहा वर्षं कळलं नव्हतं. बिचाऱ्याला वाटे, साहेबाची आवड.

कळलं ते पोपटमुळं. पोपट म्हणजे साहेबाचा पट्टेवाला. साहेबामागं छत्री धरून धरून त्याला इंग्रजी समजायला लागलं होतं, आणि समजलेलं पोटात ठेवणं त्याच्या कुंडलीत नव्हतं. दोन वर्षांमागं नदीवर एका पाहुण्यानं काठी हातात घेऊन वाहवा केली. साहेब हसून काहीतरी म्हणाला. धाकलू माशांची टोपली घेऊन मागं उभा. त्यानं पोपटला कोपरानं ढोसलं.

"काय म्हणतो रं?"

"पाहुणा इचारतो, काठी कुणी केली? सायेब म्हणतो, लंडनास कागद धाडून मागवली."

"कंची? ही?"

"हीच की. अन् त्या दुसऱ्याला दिलेली, ती बी लंडनचीच. सगळ्याच्या सगळ्या लंडनच्या हायेत धाकलूदा. तू दहिवलीत बसून लंडनात काम करतोस, ठावं नव्हतं तुला?"

पोपट खिदळला. धाकलूला हसू आलं नाही. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. पैशाचं दुःख नव्हतं, पैसे साहेब वेळेवर देई. पण आयत्या बिळावर नागोबा बसावा आणि वर मुंगीलाच विचारावं, तू इथं काय करतेस, तशी गत. तेव्हापासून त्याला एकच तहान लागली. एकदा, फक्त एकदा, साहेबानं चारचौघांत म्हणावं, ही काठी धाकलूनं केली. बस्स. मग खुशाल वाटेल तेवढ्या लंडनच्या म्हणू दे.

यंदाची दहावी काठी. ठाण्याहून बडा साहेब येणार, त्याच्या हातात द्यायला. धाकलूनं मनाशी ठरवलं, या काठीचे वेढे दिसले पाहिजेत. लंडनच्या काठीवर नसतात असे दिसले पाहिजेत. मग पाहुणा विचारेल, हे कुणी केलं? आणि लंडन म्हणायची सोयच राहणार नाही.

म्हणून तो भर पावसात सहा कोस चालत खालापूरला गेला. सहदेव पाटवा आता म्हातारा झाला होता, पण त्याची रेशमाची पेटी तशीच होती. धाकलूनं डाळिंबी रंगाची लड उचलली.

"यावर रोगण फिरवलं तर काळं पडतं काका. कोकमाच्या सालीगत दिसतं. रंग टिकायला काय करू?"

"आधी बेल लाव," सहदेव म्हणाला. "कच्च्या बेलाच्या बियांभोवती डिंक असतो बघ, पाण्यागत साफ, तो. त्याचा एक हात दे. तो वाळला की रोगणाला धाग्यापोतूर पोचू देत नाय. रंग आहे तसा ऱ्हातो."

"झालं तर मग."

"झालं कुठं? ऐकून तर घे. बेलाला ऊन पायजे, चांगलं पाच दिसांचं. सावलीत वरवर वाळतो अन् आत ओला ऱ्हातो. अन् ओला बेल पाण्यात गेला की पाणी पितो, धागा सोडतो. हे दिस बेलाचे न्हवंत पोरा. दिवाळी होऊन जाऊ दे."

दिवाळी होऊन जाऊ दे! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, त्याला दिवाळी कोण सांगणार? धाकलू लड कमरेला खोचून उलट्या पावली दहिवलीला आला.

घरी त्यानं आधी बोटभर लांबीच्या दोन कांड्यांवर नमुने केले. एकीवर पांढरं रेशीम आणि थेट रोगण, साहेबाच्या सांगण्याप्रमाणं. दुसरीवर डाळिंबी रेशीम, बेल आणि वर रोगण. ही दुसरी चुलीपाशीच वाळवली, एवढीशी होती, वाळली. दोन्ही सुंदरापुढं धरल्या.

"सांग, कंची?"

सुंदरानं हात पुसले. पांढरी नुसती बघितली. डाळिंबी हातात घेतली, उजेडाला नेली, तिच्यावरून अंगठा फिरवला. चेहरा क्षणभर नव्या नवरीसारखा झाला तिचा. मग म्हणाली, "पांढरी."

"अगं, पण आवडली तर ही तुला!"

"आवडून काय करू? सायेबानं पांढरी सांगितलीया. तांदूळ सरल्यावर त्याच्याच काठीवर घर चालतंय आपलं. नावानं का चूल पेटते?"

"चुलीसाठी नाय करत मी."

"मंग कशापायी करता?"

आता पन्नाशीला आलेल्या माणसानं बायकोला काय सांगावं, की मला कुणीतरी बरं म्हणावं असं वाटतं? तो उठला, अंगणात गेला, उगाच बैलाच्या पाठीवर हात फिरवला, परत आला आणि डाळिंबी लड उलगडायला बसला. सुंदरानं कपाळावर हात मारला, पण दिव्याची वात मोठी करून त्याच्याजवळ आणून ठेवली.

वेढे तर असे बसले, की सहदेवानंही पाठ थोपटली असती. नंतर बेलाचा हात दिला. आणि मग काठी गेली चुलीवरच्या माळ्यावर. का, तर दहिवलीत पावसाळ्यात काहीही वाळवायचं असलं तर ते तिथंच वाळतं. भाताचं बी तिथं, सुकट तिथं, ओल्या गोधड्यासुद्धा तिथंच. चुलीची ऊब काय नाही वाळवत? धाकलूच्या डोक्यात ही गोष्ट इतकी मुरलेली, की ऊन आणि ऊब यांत फरक असतो, हे सहदेवानं सांगूनही त्यानं कानाआड केलं.

शुक्रवारी दुपारी नख टेकवलं. खूण उठली नाही. ओठाला लावलं. चिकटलं नाही.

"वाळलं!" तो माळ्यावरून असा ओरडला, की सुंदराच्या हातातलं उलथनं पडलं.

"नीट बघा. आतून?"

"आतून काय, बाहेरून काय? वाळलं म्हंजे वाळलं."

मनात मात्र एक किडा वळवळला. अजून दोन दिवस हवेत, हे त्याचा हात त्याला सांगत होता. हात कधी खोटं बोलत नाही, पण माणूस हाताचं ऐकतो कुठं? त्यानं रोगणाचा डबा उघडला. एक हात शुक्रवारी, एक शनिवारी सकाळी. काठी झळझळली. डाळिंबी वेढे ओळीनं, शेंड्याकडं बारीक होत गेलेले, आणि रंग तसाच्या तसा. धाकलू ती फिरवून फिरवून बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम आपल्याला दिसतंय, असं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले. सुंदराही बघत होती.

साहेबानं शनिवारी काठी बघितली आणि त्याच्या भुवया चढल्या. "ये लाल क्यूं?"

"रंग टिकतो सायेब," धाकलू म्हणाला.

साहेबानं काठी वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. दुसरी करायला वेळ नव्हता. "ठीक है," म्हणाला आणि आत गेला.

रविवारी कशेळ्याच्या अलीकडं पेजेच्या डोहावर मंडळी उतरली. पाऊस थांबला होता, पाणी निवळू लागलं होतं. बडा साहेब म्हणजे पिकल्या मिशांचा एक भारदस्त म्हातारा. बरोबर आणखी दोघे, त्यांच्या हातात धाकलूच्याच जुन्या दोन काठ्या. पार्किन साहेबानं दहावी काठी बड्या साहेबाच्या हातात ठेवली. म्हाताऱ्यानं ती डोळ्यांजवळ नेली आणि डाळिंबी वेढ्यांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं.

धाकलूनं पोपटचा सदरा धरला. "काय इचारतो?"

"इचारतो, हे लाल काय नवीन?"

"अन् आपला सायेब काय म्हणतो?"

पोपट नजर चुकवत म्हणाला, "म्हणतो, औंदा लंडनात हीच तऱ्हा निघालीया."

धाकलूला वाटलं, असंच पुढं जावं आणि ती काठी हिसकून घ्यावी. सहा कोस भिजत गेलो, आठ दिवस डोळे फोडले, आणि तो रंगसुद्धा लंडनला गेला! तो खडकावर बसला, उठला, पुन्हा बसला. टोपलीची दोरी सोडून परत बांधली. पोपट म्हणाला, "जाऊ दे रं," पण जाऊ द्यायला ते दुसऱ्याचं थोडंच होतं.

दोन तास झाले. बडा साहेब गुडघाभर पाण्यात, काठीचा शेंडा सारखा पाण्यात बुडतोय, वर येतोय. आणि एकदम दोरा ताणला. खडस लागला होता, आणि साधासुधा नाही. काठी वाकली, साहेब लोक ओरडायला लागले. धाकलू सगळं विसरून उभा राहिला. धर सायेब, धर, असं मराठीतच म्हणायला लागला. काठी झकास वाकत होती. अशी वाकत होती, की तिच्या करणाऱ्याला अभिमानच वाटावा.

मग शेंड्याकडची दुसरी कडी हलली.

इतक्या लांबून ते फक्त धाकलूलाच दिसलं. कडी बोटभर सरकली. तिच्यावरचा डाळिंबी वेढा फुगला, सैल झाला आणि उलगडायला लागला. वरचं रोगण तडकून आतला ओला बेल पाणी प्यायला होता. कडी घसरत खालच्या कडीवर आपटली, दोरा अडकला, आणि शेंडा काटकन मोडला. पाण्यावर एक मोठी उसळी दिसली, मग काहीच नाही. मोडक्या शेंड्यावरून लाल रेशीम तेवढं प्रवाहात लांबत गेलं.

म्हाताऱ्या साहेबानं काठी वर केली, सुटलेलं रेशीम बोटावर घेतलं आणि पार्किन साहेबाकडं बघितलं. पार्किन साहेबाचे कान लालबुंद झाले. तो गर्रकन वळला आणि धाकलूकडं हात करून इंग्रजीत भडाभडा बोलला. त्यात 'धाकलू' हा शब्द होता. 'दहिवली'सुद्धा होता.

"काय म्हणतो?" धाकलूनं विचारलं. त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

पोपटचा आवाज खाली गेला. "म्हणतो, ही लंडनची न्हवं. ही आमच्या धाकलूनं केलीया. दहिवलीचा कुणबी हाय, त्यानं घरात बसून केली. म्हणतो, देशी काम असंच असतं."

दोन वर्षं ज्या बोलण्यासाठी त्याचे कान आसुसले होते ते बोलणं झालं, आणि धाकलूला वाटलं, पायाखालचा खडक दुभंगला तर बरं होईल. बडा साहेब त्याच्याकडं टक लावून बघत होता. इतक्या वर्षांत साहेब लोकांनी त्याच्या टोपलीकडं बघितलं होतं. तोंडाकडं आज प्रथमच.

"तुमने बनाया?" पार्किन साहेबानं दरडावून विचारलं.

पोपट कानाशी कुजबुजला, "सांग की रं, त्या दोघांच्या हातात हायेत त्या बी तुझ्याच! सांग, मी विंग्रजीत करून सांगतो. व्हायचं ते व्हऊ दे माजं."

धाकलूनं त्या दोन काठ्यांकडं बघितलं. एकीला सहा वर्षं झाली होती, एकीला नऊ. एक वेढा हलला नव्हता. वाक्य अगदी ओठांवर आलं. पण फुटकी घागर हातात घेऊन 'बाकीच्या चांगल्या घागरी माझ्याच' असं ओरडणाऱ्या कुंभाराला काय म्हणतात लोक? ते नाव सांगणं नव्हे, ती सबब झाली. त्यानं पागोटं सारखं केलं आणि दोन पावलं पुढं आला.

"व्हय सायेब. म्याच केली. चूक माझी हाय. बेल आतून ओला व्हता. मला ठावं व्हतं, तरी म्या वर रोगण फिरवलं. धाग्याचा दोष नाय, मेसाचा बी नाय."

पोपटला बेलाचं इंग्रजी सुचेना. तो नुसता 'सारी सर' म्हणाला.

परतताना वाटेत पोपटनं उरलेलं सांगितलं. पुढच्या आगबोटीनं साहेब लंडनला खरोखरच कागद धाडणार होता. आता धाकलूला बंगल्यावर यायचं कारण नव्हतं.

"वाईट वाटून घेऊ नगंस धाकलूदा," पोपट म्हणाला.

"वाईट बेलाचं वाटतंय रं," धाकलू म्हणाला. "दोन दिस थांबलो असतो तर..." दोघं चार कोस चालले.

दिवेलागणीला तो घरी आला. सुंदरा दारातच होती. वाट बघत होती म्हणायची तिची रीत नव्हती, म्हणून सूप घेऊन निवडत बसली होती.

"आलाव? काय झालं? सायेब काय बोलला का काठीचं?"

"बोलला."

"काय बोलला?"

धाकलू पायरीवर टेकला. "माजं नाव घेतलं. बड्या सायेबाफुडं. गावाचं बी घेतलं. म्हणाला, ही आमच्या धाकलूनं केलीया."

पुढचं सांगायला त्यानं श्वास घेतला. पण सुंदराच्या हातातलं सूप केव्हाच खाली आलं होतं. तिनं तोंडावर पदर धरला, हसली, डोळे पुसले, आणि ही नावानं चूल पेटते का म्हणणारी बाई पोरीसारखी उड्या मारत कुडाकडं धावली.

"भागूबाय! अगं ए भागूबाय! बाहीर ये की! आमच्या घरातल्यांचं नाव घेतलं सायबानं! ठाण्याच्या बड्या सायबाफुडं, अगं, चारचौघांत!"

शेजारची भागूबाई बाहेर आली. सुंदरा सांगत होती, भागूबाईनं विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. डाळिंबी रेशीम कसं आणलं, माळ्यावर कसं वाळवलं, आपण किती नको म्हणत होतो, सगळं.

धाकलूनं तिला थांबवायला हात वर केला होता. तो त्यानं गुडघ्यावर ठेवला. तिचं सगळं सांगून होईपर्यंत त्यानं तिला हाक मारली नाही.